खेळांतील भिंत आणि खरी भिंत

या वार्षिकासाठीं प्रत्येकानें आपल्या आवडत्या खेळाविषयीं कांहीं लिहून द्यावें असें गुरुजींनीं वर्गांत सांगितलें, तेव्हां माझ्या मित्रांनीं क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ इत्यादि विषय आपसांत वांटून घेतले. माझ्या वांट्यास कांहींच उरलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर जो खेळ मला सर्वांत अधिक आवडतो त्याचें नांव घेण्याचा मला संकोचच वाटत होता. कारण तो मैदानावर खेळावयाचा नसून घरांत टी. व्ही. समोर बसून बोटांनीं खेळावयाचा आहे. असल्या खेळांविषयीं वडील मंडळींचें मत फारसें बरें नसतें हें मी जाणतों. तथापि या खेळानें मला पुष्कळ आनंद दिला, व त्याबरोबर एक धडाहि दिला. त्या धड्याची किंमत मात्र मला न पडतां माझ्या धाकट्या भावास पडली. ती गोष्ट मीं आजवर घराबाहेर कोणास सांगितलेली नाहीं. आज धीर करून लिहीत आहें.

माझे मामा अभियंते आहेत. ते कांहीं वर्षें अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील शार्लट या शहरीं नोकरीस होते. परत येतांना त्यांनीं जें सामान आणलें त्यांत 'प्लेस्टेशन २' नांवाचें एक काळें यंत्र व त्यावर खेळावयाच्या सात-आठ तबकड्या होत्या. पुढें मामांस खेळण्यास सवड मिळेना, म्हणून तें सर्व त्यांनीं आम्हां दोघां भावांस देऊन टाकलें. अमेरिकेंत घरोघर १२० व्होल्टची वीज असते व आपल्याकडे २३० व्होल्टची. तें यंत्र आपल्या विजेवर तसेंच लावलें असतें तर जळून गेलें असतें. म्हणून त्यासाठीं एक जड ट्रान्सफॉर्मर मामांनीं विकत आणून दिला. तो तासाभरांत तापून गुणगुणूं लागे. तो गुणगुणूं लागला कीं खेळ बंद, असा आईनें नियमच करून टाकला होता. आमच्या घरांत घड्याळापेक्षां त्या ट्रान्सफॉर्मरचाच अंमल अधिक चाले.

तबकड्यांपैकीं एकीवर 'नॅस्कार २००५ : चेस फॉर द कप' असें नांव होतें. ईए स्पोर्ट्स या कंपनीनें तो खेळ २००४ सालीं बाजारांत आणला. त्याला आज वीस वर्षें होऊन गेलीं. त्यानंतर याच शर्यतींचे कितीतरी नवे खेळ निघाले व त्यांतील चित्रें याहून पुष्कळ सुरेख आहेत. परंतु आमच्या घरीं तोच एक होता, आणि आमचें मन त्यावरच जडलें.

नॅस्कार म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत 'स्टॉक कार' या नांवाच्या मोटारींच्या शर्यती फार लोकप्रिय आहेत. स्टॉक कार म्हणजे मूळ अर्थानें दुकानांत कोणासहि विकत मिळणारी साधी मोटार. त्या देशाच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत चोरून गाळलेली दारू रात्रीं मोटारींतून वाहून नेणारे लोक असत. पोलिसांस हुलकावणी देतां यावी म्हणून ते वरून साधी दिसणारी मोटार आंतून वेगवान करून घेत. त्यांपैकीं कांहीं जण पुढें दिवसाढवळ्या शर्यतींत उतरले. या विस्कळीत शर्यतींना एक नियम असावा म्हणून बिल फ्रान्स नांवाच्या गृहस्थांनीं १९४८ सालीं फ्लॉरिडा राज्यांतील डेटोना बीच येथें जी संस्था स्थापिली तीच नॅस्कार. आतां या शर्यतींतील गाड्या दुकानांतल्या नसतात. त्या शर्यतीसाठींच मुद्दाम बांधितात, फक्त रूप बाजारांतील गाडीसारखें देतात. तरी जुनें नांव तसेंच राहिलें आहे.

या संस्थेच्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें झाली. तींत ग्लेन डनवे हा पहिला आला. परंतु नंतरच्या तपासणींत त्याच्या गाडीच्या मागील स्प्रिंगांत नियमाबाहेर फेरफार केलेला आढळला, आणि पहिला क्रमांक जिम रोपर यास देण्यांत आला. ही गोष्ट सांगून मामा म्हणत, "पहिल्या दिवसापासून या शर्यतींत दोन प्रश्न आहेत, पाहा. पहिला कोण आला हा एक, आणि कसा आला हा दुसरा." त्या वेळीं हें वाक्य माझ्या कानावरून गेलें, मनांत शिरलें नाहीं.

आमचा खेळ या संस्थेच्या परवान्यानें तयार झालेला होता. परवान्याचें महत्त्व काय, तें मला एका मित्राच्या मोबाईलवरील दुसरा खेळ पाहून कळलें. त्यांतहि मोटारी होत्या, रस्ते होते. पण एकहि नांव खरें नव्हतें. आमच्या खेळांत मात्र २४ क्रमांकाची गाडी जेफ गॉर्डनचीच असे, ४८ क्रमांकाची जिमी जॉन्सनची, आणि वेष्टनावर ज्याचें चित्र होतें त्या केविन हार्विकची २९ क्रमांकाची. गाड्यांचे रंग व त्यांवरील जाहिराती सुद्धां त्या वर्षींच्या खऱ्या गाड्यांवरून घेतलेल्या. धांवपट्ट्याहि खऱ्या. डेटोनाची पट्टी अडीच मैलांची असून वळणावर ती ३१ अंशांनीं तिरपी आहे. टॅलाडेगाची त्याहून मोठी, २.६६ मैलांची, आणि ३३ अंश तिरपी. अशा पट्टीवर गाडी वळणांत शिरली कीं क्षितिजच कलंडल्यासारखें दिसे, व माझा भाऊ बसल्या जागीं एका बाजूस झुकत असे.

सर्वांत गंमत आम्हांस डार्लिंग्टनच्या पट्टीची वाटे. ती साऊथ कॅरोलिनांत आहे व १९५० सालीं सुरू झाली. तिचीं दोन टोकें सारखीं नाहींत. एक रुंद आहे, एक अरुंद. मामांनीं याचें कारण सांगितलें. जमिनीच्या मूळ मालकाचें त्या बाजूस लहान माशांचें एक तळें होतें व तें मोडूं नये अशी त्याची अट होती. म्हणून बांधणाऱ्यानें तेवढें टोक आंवळून घेतलें, आणि पट्टी अंड्याच्या आकाराची झाली. कोणा एका शेतकऱ्यानें आपले मासे जपले, आणि त्यामुळें इतक्या वर्षांनीं साताऱ्यांत बसून आम्हांस दोन टोकांना दोन निराळ्या रीतींनीं वळावें लागे! हें ऐकल्यापासून माझा भाऊ डार्लिंग्टनला प्रत्येक फेरींत टी. व्ही. च्या कांचेवर बोट ठेवून विचारी, "दादा, तळें कोठें आहे?" आणि त्या नादांत त्याची गाडी हटकून भिंतीस लागे.

खेळाची मुख्य गोडी त्यांतील लांबच्या प्रवासांत होती. त्यांत आपण एक अननुभवी चालक म्हणून आरंभ करावयाचा. प्रथम खालच्या दर्जाच्या 'मॉडिफाइड' गाड्या, मग ट्रकांची मालिका, मग राष्ट्रीय मालिका, आणि या सर्वांत नांव मिळविलें तर अखेरीस मुख्य चषकाची मालिका. त्या मालिकेंत २००४ सालीं एक नवा नियम झाला होता, व त्यावरूनच खेळाचें नांव पडलें आहे. पहिल्या २६ शर्यती संपल्या कीं गुणांनीं वर असलेल्या दहा जणांतच चषकासाठीं चढाओढ उरे व ती शेवटच्या दहा शर्यतींत चाले. यांतील दुसरी खुबी अशी कीं, तुम्ही गाडी कशी हांकितां याची खेळ नोंद ठेवी. दुसऱ्यास वाट दिली, स्वच्छपणें पुढें गेलां, तर प्रेक्षक तुम्हांस नायक मानीत. धक्के मारून गाड्या उधळल्या तर तुम्ही खलनायक ठरत असां. आणि ज्यास धक्का दिला तो चालक तें विसरत नसे. माझा भाऊ नेहमीं नायक असे, व बहुधा मागें असे. मी खलनायक असें, व बहुधा पुढें असें.

धक्के मारूनहि मी पुढें कसा राहीं, याचें कारण आतां सांगतों. खेळ सुरू करण्यापूर्वीं एक पान येतें. शर्यत किती फेऱ्यांची, टायर झिजावे कीं नाहीं, पेट्रोल संपावें कीं नाहीं, इतर चालक किती हुशार असावे, हें सर्व त्या पानावर आपण ठरवावयाचें. त्यांतच एक ओळ गाडीच्या मोडतोडीची होती. ती बंद केली कीं गाडी कशावरहि आदळो, तिला कांहींच होत नाहीं. मीं ती ओळ पहिल्याच आठवड्यांत बंद केली होती.

त्यामुळें मला एक युक्ति सांपडली. व्हर्जिनिया राज्यांत मार्टिन्सव्हिल म्हणून एक फार लहान पट्टी आहे, जेमतेम अर्ध्या मैलाहून थोडी अधिक. दोन सरळ लांब बाजू व दोन आंखूड वळणें, असा तिचा आकार कागद अडकविण्याच्या पिनेसारखा आहे. जिंकणाऱ्यास तेथें चषकाऐवजीं पुरुषभर उंचीचें लंबकाचें घड्याळ देतात. या पट्टीवर प्रत्येक वळणास जोराचा ब्रेक लावावा लागतो. जो नेमका ब्रेक लावील तोच तेथें जिंकतो. मी ब्रेकच लावीत नसें. शेवटच्या फेरींत गाडी बाहेरच्या भिंतीस टेंकवावयाची आणि पूर्ण वेगानें भिंतीवरून घांसत न्यावयाची. टायरांनीं गाडी वळविण्याची गरजच उरत नसे; तें काम भिंत करी. इतर बिचारे ब्रेक लावून वळत असत तोंवर मी त्यांच्या बाहेरून निघून जाईं.

मामांनीं एकदां हें पाहिलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं मला डेल अर्नहार्ट या चालकाविषयीं सांगितलें. सात वेळां अजिंक्यपद मिळविलेला हा वीर १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेटोना येथील शर्यतीच्या अगदीं शेवटच्या फेरींत भिंतीवर आदळून मरण पावला. पाहणाऱ्यांस ती टक्कर फार मोठी वाटली नव्हती. त्यानंतर त्याच वर्षीं चालकाचें डोकें व मान आंवळून धरणारें साधन सक्तीचें झालें, आणि २००२ पासून कठीण भिंतींपुढें आंत फेंस भरलेल्या पोलादी नरम भिंती बसविण्यास प्रारंभ झाला. "एक माणूस गेला, तेव्हां भिंत थोडी नरम झाली," मामा म्हणाले, "आणि तूं ती एक खटका दाबून नाहींशी केलीस." मीं मान हालविली, आणि मामा गेल्यावर पुन्हां तसेंच खेळूं लागलों.

मी सातवींत होतों. २०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टींत, ३१ ऑक्टोबरच्या सकाळीं, मामांचा फोन आला. "अरे, मोबाईल पाहा! तुझी युक्ति काल एकानें खरोखर केली!" आम्ही दोघे भाऊ मोबाईलवर वांकलों. आदल्या दिवशीं मार्टिन्सव्हिल येथें ५०० फेऱ्यांची शर्यत झाली होती. रॉस चॅस्टेन नांवाचा चालक, फ्लॉरिडांतील कलिंगडें पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरचा, शेवटच्या फेरींत दहावा होता. अंतिम चौघांत जागा मिळण्यास त्याला आणखी दोन गाड्या मागें टाकणें अवश्य होतें, आणि उरलीं होतीं दोन वळणें. त्यानें ब्रेक लावलाच नाहीं. गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून त्यानें ती भिंतीस भिडविली, व इतर सर्व वळण घेत असतां तो ठिणग्या उडवीत त्यांच्या बाहेरून सुसाट गेला. पांच गाड्या मागें पडल्या. ज्यास मागें टाकावयाचें होतें त्या डेनी हॅमलिनला त्यानें शेवटच्या रेषेवर गांठलें. ती फेरी त्यानें १८.८४५ सेकंदांत पुरी केली. इतरांस सुमारें वीस सेकंद लागत होते. त्या मालिकेच्या गाडीनें मार्टिन्सव्हिल येथें इतकी जलद फेरी पूर्वीं कधींच केली नव्हती.

मागाहून त्याला विचारलें तेव्हां तो म्हणाला कीं, लहानपणीं भावाबरोबर तो नॅस्कार २००५ हाच खेळ खेळत असे, आणि ही युक्ति त्यांतलीच. आमच्याच तबकडीवरचा खेळ! फरक एवढाच कीं, त्याचें यंत्र 'गेमक्यूब' होतें व आमचें प्लेस्टेशन. त्या दिवशीं मला जो अभिमान वाटला तो सांगतां येत नाहीं. जणूं मीच मार्टिन्सव्हिलला जाऊन आलों होतों. सर्व पेठेंत मी सांगत सुटलों कीं, खेळांत जें चालतें तें खऱ्या जगांतहि चालतें; फक्त धैर्य पाहिजे.

पुढील गोष्ट चारच दिवसांनीं घडली. आमच्या पेठेचा रस्ता वरून खालीं उतरत येतो व मध्यें एका जुन्या वाड्याच्या काळ्या दगडी भिंतीपाशीं एकदम वळतो. सुट्टींत आम्ही मुलें त्या उतारावर सायकलींची डबलसीट शर्यत लावीत असूं. त्या दिवशीं माझ्या मागें कॅरिअरवर माझा भाऊ होता. तो त्या वेळीं चौथींत होता. दोन सायकली आमच्या पुढें होत्या. वळण जवळ आलें, पुढच्या दोघांनीं ब्रेक दाबले, आणि माझ्या मनांत तें चित्र चमकून गेलें. मीं ब्रेक दाबला नाहीं. "घट्ट धर!" एवढेंच ओरडलों, आणि सायकल भिंतीकडे घेतली.

एक क्षणभर, खरोखर एक क्षणभर, मला वाटलें कीं साधलें. मग हँडलचें टोंक एका पुढें आलेल्या दगडांत अडकलें. पुढचें चाक आडवें झालें. मी सायकलीवरून रस्त्यावर पडलों, व मला थोडें खरचटलें. माझा भाऊ मात्र भिंतीच्या बाजूस फेंकला गेला. पडतांना त्यानें डावा हात पुढें केला होता. त्या हाताचीं मनगटावरचीं दोन्हीं हाडें मोडलीं. तो रडला नाहीं. आपल्या हाताकडे पाहात राहिला, कारण तो हात त्याला आपला वाटेनासा झाला होता.

दवाखान्यांत बाबा धांवत आले. "काय झालें रे?" असें त्यांनीं विचारलें, आणि मी म्हणालों, "कुत्रें आडवें आलें." हें वाक्य माझ्या तोंडून कसें निघालें तें मला आजहि उमजत नाहीं, मीं तें ठरविलेलें नव्हतें. बाबांनीं भावाकडे पाहिलें. हात झोळींत, ओठ पांढरे पडलेले. त्यानें माझ्याकडे एकवार पाहिलें व म्हणाला, "हो. काळें कुत्रें होतें."

तो काळा रंग त्यानें आपण होऊन घातला. माझें खोटें टिकावें म्हणून त्यानें त्यांत आपल्या पदरची भर घातली. खेळांत तो नेहमीं नायक असे हें मीं वर सांगितलेंच आहे.

सहा आठवडे त्याचा हात प्लास्टरमध्यें होता. एका हातानें कंट्रोलर धरतां येत नाहीं, म्हणून मी खेळे तेव्हां तो नुसता शेजारीं बसून राही व "दादा, डावीकडे, डावीकडे" असें सांगत राही. जणूं त्या पट्टीवर उजवीकडे वळण्याची सोयच होती! मीं मार्टिन्सव्हिल लावणें सोडून दिलें. कां, तें त्यानें विचारलें नाहीं. आईनें त्या वाटेवरचीं सर्व कुत्रीं पकडून न्यावीं म्हणून नगरपालिकेकडे अर्ज करण्याचें मनांत घेतलें, तेव्हां मला जेवण जाईना. त्या बिचाऱ्या मुक्या जनावरांवर मीं आळ घेतला होता.

फेब्रुवारींत मामा आमच्याकडे आले. जेवतांना बोलण्यावरून बोलणें निघालें, तेव्हां ते म्हणाले कीं, नॅस्कारनें आतां चॅस्टेनच्या त्या युक्तीस बंदी केली आहे. जानेवारीच्या अखेरीस संस्थेनें जाहीर केलें होतें कीं, नवा नियम करण्याची जरुरी नाहीं. सुरक्षिततेचा जो नियम आहे त्यान्वयेंच असें करणाऱ्यास यापुढें दंड होईल. मला आश्चर्य वाटलें. मीं विचारलें, "पण मामा, तो तर जिंकला नाहीं, नुसती जागा मिळविली. आणि लागलें असतें तर त्यालाच लागलें असतें ना?"

मामा म्हणाले, "त्याच्यापुरतें तें खरें आहे. गाडी त्याची, हाडें त्याचीं. गळ्यास पट्टा, भोंवतीं पोलादी पिंजरा, समोर नरम भिंत, आणि त्याच्या मागें दुसरें कोणी बसलेलें नव्हतें. म्हणून त्याच्या धैर्याचें मला कौतुकच वाटतें. पण उद्यां दहा जण तसेंच करतील. भिंतीचा तुकडा उडून प्रेक्षकांत गेला तर? पुढें कोणाची गाडी आडवी पडलेली असली तर? एकाच्या धाडसाची किंमत दुसऱ्यानें कां द्यावी?"

मामांस आमच्या सायकलीविषयीं कांहींच ठाऊक नव्हतें. ते शर्यतीविषयींच बोलत होते. परंतु 'त्याच्या मागें दुसरें कोणी बसलेलें नव्हतें' हें ऐकतांच माझा घांस हातांत राहिला. मीं भावाकडे पाहिलें. तो खालीं मान घालून डाव्या हातानें भात कालवीत होता. प्लास्टर निघाल्यापासून त्यास कोणीं तरी सांगितलें होतें कीं त्या हातास काम द्यावें, म्हणजे तो बळकट होईल. म्हणून तो तसें करी. मी ताटावरूनच म्हणालों, "कुत्रें नव्हतें." आणि मग सर्व सांगितलें.

बाबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मला वाटलें, आतां यंत्र बाहेर जाणार. आणि मीं तें मनांतून कबूलहि करून टाकलें होतें. आई म्हणाली, "तो मेला खेळच घरांत नको." मामा अपराध्यासारखे गप्प बसले, कारण खेळ त्यांनींच दिला होता. तेव्हां माझा भाऊ म्हणाला, "खेळाचा काय दोष? खेळांत ती ओळ चालू करतां येत होती. दादानें बंद केली होती."

बाबांनीं ती कसली ओळ म्हणून विचारलें. जेवण झाल्यावर आम्ही यंत्र लावून तें पान त्यांस दाखविलें. त्यांनीं तें शांतपणें वाचलें, मोडतोडीच्या ओळीवर बोट ठेविलें, आणि मला म्हणाले, "ही चालू कर. आणि यापुढें हिला हात लावावयाचा नाहीं. खेळावयाचें असेल तर असें खेळा." मला दुसरी शिक्षा झाली नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं, दवाखान्यांत जे खोटें ऐकून गेले होते त्या प्रत्येकाकडे मला बाबांबरोबर जाऊन खरें काय तें सांगावें लागलें. त्यांत सर्वांत कठीण गेलें तें आजीला सांगणें. कारण ती नातवाच्या हातास जपावें म्हणून रोज त्या न आलेल्या कुत्र्यास शिव्या देत असे.

त्या दिवसापासून आमचा खेळ निराळाच झाला. भिंतीस गाडी घांसली कीं चाक वांकडें होतें, गाडी एका बाजूस ओढूं लागते, आणि दुरुस्तीसाठीं थांबावें लागून सर्व गाड्या पुढें निघून जातात. मोठ्या पट्ट्यांवर पुढील गाडीच्या अगदीं मागें राहिलें म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होऊन आपली गाडी अधिक वेगानें जाते. मंद गाडी असूनहि ज्युनियर जॉन्सनने १९६० सालीं डेटोनाची शर्यत याच युक्तीनें जिंकली होती. ती युक्ति आम्ही आतां कोठें शिकूं लागलों. कारण पूर्वीं मी पुढील गाडीच्या मागें राहातच नसें, तिला धक्का देऊन मोकळा होत असें. आतां माझ्या गाडीमागें भाऊ आपली गाडी लावतो, कधीं त्याच्यामागें मी, आणि दोघे मिळून पुढें सरकतों. पूर्वीं मी दहांतून आठ शर्यती जिंकीत असें. आतां दहांत एक जिंकली तरी ती दोन दिवस आठवते.

हा खेळ चांगला कीं वाईट, असें मला कोणीं विचारलें तर मीं काय सांगावें? परवान्यानें त्यांत खरीं नांवें आलीं, खरे रंग आले, आणि एका शेतकऱ्याच्या तळ्यामुळें वांकडी झालेली पट्टी सुद्धां जशीच्या तशी आली. भिंतीचा कठीणपणाहि बनविणाऱ्यांनीं त्यांत घातला होता. पण तो चालू ठेवावा कीं बंद करावा, हें त्यांनीं खेळणाराच्या हातीं दिलें होतें. मीं तो बंद केला, आणि बंद केल्याचें विसरून गेलों. माझी चूक ती विसरण्याची होती.

शाळेंत येतांना आम्ही दोघे आजहि त्याच उतारावरून येतों. वाड्याच्या भिंतीवर, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, हँडल घांसल्याची एक पांढरी रेघ अजून दिसते. इतक्या पावसाळ्यांत ती धुवून गेलेली नाहीं. तेथें आलों कीं माझा भाऊ कधीं कधीं चालतां चालतां त्या रेघेवरून डाव्या हाताचें बोट फिरवितो व हंसत म्हणतो, "दादा, मार्टिन्सव्हिल!" मलाहि हंसूं येतें, पण सायकल असली तर मी तेथें आधींच खालीं उतरलेला असतों.

— इयत्ता १० वींतील एक विद्यार्थी